पाइकाचा निरोप

गावात कोणी देह ठेवला म्हणजे वारकऱ्याला बोलावणे येते. तो टाळ काढतो, वीणेकऱ्याला हाक मारतो, पखवाजाला कणीक चढते आणि मंडळी निघतात. गेलेला माणूस बागाईतदार होता की सालगडी, हे भजन करणाऱ्याने विचारायचे नसते. नाम सर्वांना सारखे. मग गावातला जुना फौजी, पलटणीतून पेन्शनीवर घरी आलेला म्हातारा, त्याला निरोप सर्वांसारखाच द्यावा की काही निराळा? नांदेड-लातूरकडच्या गावांत हा विषय पारावर निघतो, सप्ताहाच्या मांडवातही निघतो. प्रश्न दिसायला लहान आहे. पण मुळाशी गेले म्हणजे देह, कर्म, ऋण आणि समता या चारही गोष्टींबद्दल आपण जे बोलतो, त्याची तेथे परीक्षा होते. म्हणून त्याचा थोडा विचार करू.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. सीमेवर कामी आलेल्या जवानाला निरोप देण्याची रीत सैन्याने घालून दिली आहे. 29 नोव्हेंबर 2016 रोजी जम्मूजवळ नगरोटा येथे अतिरेक्यांनी हल्ला केला. त्यात सैन्याचे सात जण कामी आले. त्यांतले दोघे आपल्या मुलखातले. एक मेजर कुणाल गोसावी, प्रत्यक्ष पंढरपूरचे. दुसरे लान्स नायक संभाजी कदम, नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यातील जानापुरीचे. एक चंद्रभागेकाठचा, एक गोदावरीच्या मुलखातला. हुद्द्यांत अंतर मोठे, पण तिरंगा दोघांना एकच. दोघांनाही लष्करी मानवंदना मिळाली, दोघांसाठी माणसे लोटली. हे योग्यच झाले.

पण बहुतेक सैनिक सीमेवर मरत नाहीत. पंधरा-वीस वर्षे बर्फात, वाळवंटात, जंगलात काढून ते घरी येतात. कोणी शेती पाहतो, कोणी बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा राहतो. हवालदार होऊन आलेला असला तरी गाव त्याला 'मेजर'च म्हणते. असा माणूस सत्तरी-ऐंशीत घरच्या बाजेवर डोळे मिटतो, तेव्हा सैन्याची गाडी येईलच असे नाही, बिगुल वाजेलच असे नाही. तेथे उरते ते फक्त गाव. आपला प्रश्न त्या गावाचा आहे.

आता पहिली शंका. ती आपल्याच फडातली आहे. "काय महाराज, देह तर माती म्हनता तुमी. मग त्या मातीला एवढा मान कामून?" शंका खरी आहे. देह नाशवंत हे आपण रोज सांगतो. पण नीट पाहिले तर आपण आळंदीला समाधीपुढे लोटांगण घालतो, पादुका पालखीत ठेवून शेकडो मैल मिरवतो. तो मान दगडाचा नाही आणि चांदीचाही नाही. ज्या देहाने काही सत्कार्य घडले त्या कार्याची खूण म्हणून तो मान आहे. बाहेर पडलेल्या कातडीच्या जोड्याला कोणी हात लावीत नाही, पण जे पाय लोकांसाठी झिजले त्यांच्या पादुका माणूस डोक्यावर घेतो. तेव्हा गेलेल्याला मानाची गरज नाही हे कबूल. तो मानापमानाच्या पलीकडे गेला. गरज आहे ती मागे राहिलेल्यांना. ज्याच्याकडून घेतले त्याचे नाव मोठ्याने सांगितले नाही, तर घेणारा हळूहळू कृतघ्न होतो, आणि कृतघ्न माणसाच्या तोंडी नाम टिकत नाही. अंत्ययात्रेतला मान हा मृताला दिलेला नजराणा नव्हे. ती ऋणाची कबुली आहे.

दुसरी शंका त्याहून कठीण. वैष्णव मुंगी चुकवून पाऊल टाकतो. सैनिकाच्या हातात शस्त्र असते, त्याच्या हातून माणसे मेली असतील. त्याच्या तिरडीपुढे वीणा कशी धरावी? हिला उडवून लावणे बरे नव्हे. हिंसा ही हिंसाच. शस्त्राचे गुणगान करणे हे वीणेकऱ्याचे काम नाही. पण माउलींनी शके 1212 मध्ये ज्या ग्रंथावर टीका सांगितली, तो ग्रंथ रणभूमीवर, दोन सैन्यांच्या मधोमध सांगितला गेला. तुकोबांच्या गाथेत पाइकाचे अभंग आहेत. पाईक म्हणजे पायदळातला शिपाई. भक्त कसा असावा हे सांगायला तुकोबांना शिपाई सापडला, कारण धन्याच्या कामापुढे तो आपला जीव धरीत नाही. आणि नांदेडकरांना तर हे पुस्तकातून शिकायला नको. 1708 साली गुरू गोविंदसिंगांनी नांदेडलाच देह ठेवला. तलवार धरणारा तो संत. त्याच गोदातीरावर आज ज्या ग्रंथसाहेबांपुढे मस्तक टेकले जाते, त्यात आपल्या नामदेवरायांची एकसष्ट पदे आहेत. टाळ आणि तलवार एकमेकांना परकी मानणे या मातीला तरी शोभत नाही.

तरीही एक मर्यादा ध्यानात धरावी. आपण सैनिकाला नमस्कार करतो तो त्याने किती मारले म्हणून नव्हे. संकट आणि गाव यांच्यामध्ये त्याने स्वतःचा देह आडवा घातला, म्हणून. हा भेद सुटला की चितेजवळ सूडाच्या घोषणा सुरू होतात, कोणा जातीला-धर्माला शिव्या सुरू होतात, आणि निरोपाचा विटाळ होतो. खरा फौजी फार बोलत नाही हे सर्वांनी पाहिले आहे. त्याच्या शेवटच्या दिवशी आपणही तोंड आवरावे.

हे सर्व आपल्या संप्रदायाने एकदा करून दाखविले आहे. आज आळंदीहून पंढरीला जो पालखी सोहळा जातो, त्याची शिस्त घालून दिली ती हैबतबाबा आरफळकरांनी. हैबतबाबा कोण? शिंदे सरकारच्या पदरचे सरदार, मूळचे सातारकडल्या आरफळचे. कमाई घेऊन गावाकडे येताना वाटेत लुटारूंच्या हाती सापडले, तेथे हरिपाठ करीत राहिले, सुटले आणि माउलींच्या पायाशी आले, अशी कथा सांगतात. म्हणजे हा चाकरी संपवून परतणारा फौजीच. त्याने तलवार ठेवली पण शिस्त ठेवली नाही. पालखीपुढे घोडे, पुढच्या दिंड्या, मागच्या दिंड्या, प्रत्येकीची ठरलेली जागा, चोपदाराने चोप वर करताच हजारो टाळ एकदम थांबणे, हे पलटणीत राहिलेल्या माणसाचे डोके आहे. आणि या फौजीला संप्रदायाने निरोप कसा दिला? माउलींच्या महाद्वारात पायरी दिली. कार्तिकातल्या समाधी सोहळ्याचा प्रारंभ आजही हैबतबाबांच्या पायरीच्या पूजनाने होतो. तोफा नाहीत, फैरी नाहीत. दोनशे वर्षे होत आली, लाखो वारकऱ्यांचे पाय तेथे अडतात आणि मस्तके लवतात. निरोपाचा दिवस एक होता, पण आठवण दर वर्षाची झाली.

आता ऋणाचे बोलू, कारण मराठवाड्याचे ऋण काही निराळे आहे. 13 सप्टेंबर 1948 रोजी भारताचे सैन्य निजामाच्या हद्दीत शिरले आणि 17 तारखेला आपण मोकळे झालो. पहिल्याच दिवशी नळदुर्गच्या बाजूला शीख पलटणीचे हवालदार बचित्तरसिंग पडले. पुढे त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. पंजाबातला माणूस, त्याचा आपला संबंध काय? ना गणगोत, ना भाषा. पण ज्या दिवशी आपल्याला स्वातंत्र्य आले, त्याची किंमत त्याच्या घरच्यांनी मोजली. तेव्हा फौजी 'आपल्या गावचा' असेल तरच मान, ही समजूत मराठवाड्याने तरी धरू नये.

आणि लातूरकरांना 30 सप्टेंबर 1993 ची पहाट विसरता येईल काय? गणपती विसर्जन करून माणसे निजली होती. चार वाजायच्या आत किल्लारी आणि भोवतालची गावे जमीनदोस्त झाली. सुमारे दहा हजार माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. वर पाऊस. कित्येक घरांत रडायलाही कोणी उरले नव्हते, मग खांदा कोण देणार? तेव्हा सैन्याचे जवान आले. त्यांनी ढिगारे उपसले, अडकलेले जिवंत जीव बाहेर काढले, मृतदेह काढले, सामुदायिक चिता रचायला हात लावला. ते जवान कोणत्या प्रांतांचे, कोणत्या जातींचे, कोणाला ठाऊक? त्यांनीही विचारले नाही की हा मराठ्याचा देह की मांगाचा, लिंगायताचा की मुसलमानाचा. ते जवान आता म्हातारे होत आहेत. कोणी हरियाणात, कोणी तामिळनाडूत, कोणी कदाचित आपल्याच पलीकडच्या गावात. लातूरच्या माणसाने फौजीच्या तिरडीला खांदा देणे हा उपकार नव्हे. घेतलेला खांदा परत करणे आहे.

येथे तिसरी शंका उभी राहते, आणि ती मात्र खोडून काढता येत नाही. "जितेपनी कुनी इचारलं नाही, आता हार घालायलेत!" ही गोष्ट म्हाताऱ्या फौजीच्या बायकोच्या तोंडून निघते तेव्हा भजनी मंडळीने मान खाली घालावी. पेन्शनीचा कागद अडला म्हणून तो चार चकरा मारून आला तेव्हा गाव कोठे होते? रात्री दचकून उठतो म्हणून पोरे त्याची नक्कल करीत, तेव्हा कोणी त्यांना दटावले काय? जिल्ह्याच्या ठिकाणी सैनिक कल्याण कार्यालय असते. 1949 सालापासून 7 डिसेंबर हा ध्वजदिन पाळला जातो, त्याचा निधी याच माणसांसाठी असतो. किती गावकऱ्यांनी त्याच्याबरोबर त्या कार्यालयाची पायरी चढली? म्हणून या शंकेला उत्तर एकच. ती मान्य करावी. जिवंतपणी विचारपूस नसेल तर मेल्यावरचा मान हे ढोंग आहे. निरोपाची तयारी फौजी पेटी घेऊन एस.टी.तून उतरतो त्या दिवशी सुरू होते.

मग यथायोग्य निरोप कोणता? त्याचा दाखला आपल्याला फार लांब शोधायला नको. तो नामदेवरायांनी घालून ठेवला आहे, आणि त्यांची नर्सी नांदेडच्या शेजारीच, हिंगोली जिल्ह्यात आहे. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू होते. चोखोबा इतर मजुरांबरोबर त्या कामावर होते. कूस कोसळले आणि सारे खाली गाडले गेले. गावकूस कशासाठी असते? गावाच्या रक्षणासाठी. ज्याला त्या कुसाच्या आत राहण्याची परवानगी नव्हती, तो ते कूस बांधताना मेला. गावाच्या भिंतीसाठी देह देणे हेच सैनिकाचेही काम. म्हणून चोखोबांच्या हातात शस्त्र नसले तरी त्यांचा निरोप हा आपल्याला कित्ता आहे.

नामदेवरायांनी काय केले? चार गोष्टी केल्या. पहिली, ते स्वतः गेले. पंढरपुरात बसून शोक केला नाही. दुसरी, त्यांनी ओळखले. ढिगाऱ्यात अनेकांची हाडे मिसळली होती. ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या चोखोबांच्या, असे परंपरा सांगते. म्हणजे माणसाची ओळख त्याच्या जातीवरून नव्हे, ज्या ध्यासात तो जगला त्यावरून. तिसरी, त्यांनी वाहिले. ज्याची सावली लोक टाळीत, त्याच्या अस्थी शिंप्याने आपल्या अंगाखांद्यावर आणल्या. चौथी, त्यांनी जागा दिली. महाद्वारासमोर, देवाच्या दृष्टीत. जिवंतपणी जो आत जाऊ शकला नाही, त्याच्या समाधीवरून दर्शनाची वाट गेली.

जाणे, ओळखणे, वाहणे, जागा देणे. फौजीच्या निरोपाला याहून अधिक काही लागत नाही, आणि याहून कमी पुरत नाही.

जाणे म्हणजे आजारीपणी जाऊन बसणे. ओळखणे म्हणजे तो कोणत्या पलटणीत होता, कोठे कोठे राहिला, हे तो असतानाच विचारून एका वहीत लिहून ठेवणे. अंत्ययात्रेत दोन मिनिटे ते वाचून दाखवावे. पोरांना कळू द्या की कोपऱ्यात बिडी ओढत बसणारा हा म्हातारा लडाखात उभा होता. वाहणे म्हणजे खांदा. तेथे गावच्या प्रत्येक आळीचा एक तरी खांदा लागला पाहिजे. तिरंग्याला जात नसते आणि पलटणीच्या लंगरात पंगत एकच असते. मग परत आलेल्या फौजीचे सरण कोणत्या स्मशानात रचावे यावर गावाने वाद घालावा काय? अजून कित्येक गावांत जातीजातींच्या स्मशानभूमी वेगळ्या आहेत, कोणाला तर हक्काची जागाही नाही. देशासाठी चालला तो देह गावच्या मसणवट्यात चालत नसेल, तर आपल्या कीर्तनांनी काय साधले? या एका प्रसंगी तरी गावाने म्हणावे की हा सर्वांचा. एकदा म्हटले की दुसऱ्या वेळी म्हणणे सोपे जाते.

जागा देणे म्हणजे चौथरा आणि पुतळाच पाहिजे असे नाही. शाळेच्या भिंतीवर गावच्या फौजींची नावे रंगवावीत. दिल्लीला 2019 साली राष्ट्रीय युद्धस्मारक झाले, तेथे पंचवीस हजारांहून अधिक कामी आलेल्या सैनिकांची नावे कोरली आहेत. घरी येऊन मेलेल्याचे नाव मात्र कोठे नसते, ते गावाने लिहावे. सप्ताहातले एक कीर्तन त्यांच्या नावे करावे. हैबतबाबांची पायरी आपल्याला हेच सांगते.

निशाणाविषयी थोडे. प्रेमापोटी गावकरी बाजारातून तिरंगा आणून तिरडीवर घालतात. हेतू चांगला. पण 1971 च्या कायद्याप्रमाणे शासकीय, सैनिकी किंवा निमलष्करी अंत्यविधीखेरीज राष्ट्रध्वज असा पांघरता येत नाही. जेथे तो रीतसर मिळतो, तेथेही केशरी पट्टा डोक्याकडे ठेवतात, आणि ध्वज चितेत जाळीत नाहीत की खड्ड्यात सोडीत नाहीत. तेव्हा शासकीय मानवंदना नसेल तर ध्वजाचा मान राखावा आणि आपल्या घरचे द्यावे. तुळशीची माळ, बुक्का, पताका, टाळ. गेलेला लिंगायत असेल तर त्याला त्यांच्या रीतीने बसवून समाधी द्यावी, मुसलमान असेल तर दफन त्यांच्या रीतीने, शीख असेल तर त्यांची अरदास. विधी ज्याचा त्याचा, खांदा सर्वांचा.

कोणी म्हणेल, मोठे लोक आले नाहीत तर मान कसला? 1971 ची लढाई ज्यांच्या हाताखाली जिंकली ते फील्ड मार्शल माणेकशा 27 जून 2008 रोजी वेलिंग्टनला वारले. त्यांच्या अंत्यविधीला राष्ट्रपती आले नाहीत, पंतप्रधान आले नाहीत. पुष्कळांना ते लागले. पण त्यांच्या कर्तृत्वातले त्यामुळे काय उणे झाले? उलट इंग्लंडात 2013 साली नव्व्याण्णव वर्षांचा एक म्हातारा वारला. महायुद्धात विमानदलात तो जमिनीवरची कामे करणारा साधा माणूस होता. बायको नाही, मूल नाही. अंत्यविधीला कोणी नाही म्हणून वर्तमानपत्रात चार ओळी दिल्या गेल्या. 11 नोव्हेंबरला शेकडो अनोळखी माणसे त्याच्यासाठी येऊन उभी राहिली. मान हुद्द्याने येत नाही आणि पुढाऱ्यांच्या मोटारींनी मोजला जात नाही. ज्याचे कोणी नाही त्याच्यासाठी किती आले, यावर तो मोजावा.

म्हणून पारावर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर असे. फौजीचा निरोप नामापुरता सर्वांसारखाच असावा, कारण मृत्यूपुढे कोणी मेजर नाही. आणि ऋणापुरता निराळा असावा, कारण सर्वांनी सर्वांसाठी देह आडवा घातलेला नसतो. मोठा मांडव घालता आला नाही तरी चालेल, मोठमोठे फलक लावले नाहीत तर उत्तमच. गावातला सर्वांत गरीब, सर्वांत एकटा, सर्वांत खालच्या हुद्द्याचा फौजी जाईल त्या दिवशी जे तुम्ही कराल, तोच तुमच्या गावाचा खरा निरोप. बाकीच्या वेळी केलेला गाजावाजा आपल्या स्वतःच्या हौसेचा.

येत्या सप्ताहाची वर्गणी ठरवायला मंडळी बसतील, तेव्हा एवढे एक काम करावे. गावात हयात असलेल्या फौजींची नावे काढावीत, आणि दोघांनी त्यांतल्या एकाच्या घरी जाऊन यावे. हाताखालची कामे संपली की मग नव्हे. उद्याच.

रामकृष्णहरि.